दोनशे पाच किलो

मुलीच्या वजनाला जायचं म्हणून भीमराज खिल्लारे रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले, तेव्हा नंदाने त्यांना दारातच अडवलं.

"बॅग उघडा."

त्यांनी उघडली. छत्री, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. ऑफिसातली प्रमाणित वजनं नव्हती. नंदाने हात घालून तळापर्यंत खात्री करून घेतली.

"तिथं जाऊन काय करायचं?"

"गंधालीला बघायचं."

"आणि काय नाही करायचं?"

"काटा नाही बघायचा," भीमराज म्हणाले.

भीमराज वजनमापे निरीक्षक होते. साकीनाक्याची भंगाराची गोदामं आणि घाटकोपरचा बाजार त्यांच्या हद्दीत होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाच्या घरचा चहा घेतला नव्हता, ही गोष्ट खात्यात सगळ्यांना माहीत होती. घरच्यांना दुसऱ्या गोष्टी माहीत होत्या. नंदाच्या भावाने हिंगोलीत किराणा दुकान टाकलं, त्याच्या उद्घाटनाला पेढा तोंडात असतानाच भीमराजांनी काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक काढून पाहुण्यांसमोर ठेवलं होतं. मेहुणा पुढे दोन वर्षं बहिणीकडे आला नव्हता.

गंधाली त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात गेली आणि तिथून शिडाच्या होडीत. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीतल्या मुलीने समुद्रात काय करायचं, हे नंदाला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. आता मार्व्याच्या एका नौकानयन क्लबात सहा देशांची स्पर्धा होती, आणि भारताच्या होडीतल्या तिघींपैकी एक गंधाली होती. बोरीवलीची जान्हवी सुकाणू धरणार, मुलुंडची तेजल आणि गंधाली शिडं सांभाळणार.

या होड्यांना तळाखाली जड लोखंडी कणा असतो. तरी वारा जोराचा सुटला की होडी एका अंगावर कलते, आणि मग तिघींना दुसऱ्या कडेवर बसून बाहेर झुकून तिला सरळ धरावं लागतं. ज्यांचं वजन जास्त, त्यांची होडी जास्त सरळ. म्हणून नियम असा, की तिघींचं मिळून वजन दोनशे पाच किलोच्या वर जाता कामा नये. शर्यती सोमवारपासून होत्या. रविवारी फक्त वजन.

वजन क्लबाच्या स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत चाललं होतं. डेन्मार्कहून आलेल्या मोजणी अधिकारी इंगाबाई टेबलामागे बसून वहीत आकडे लिहीत होत्या. बाईंचे केस पांढरे, चेहरा गंभीर. क्लबाचे सचिव अनिरुद्ध वाघळे त्यांच्या बाजूला उभे होते. भारताच्या मुलींचं वजन झालं, दोनशे चार किलो दोनशे ग्रॅम. गंधालीने बापाकडे पाहून अंगठा दाखवला. सहा महिने तिने वाटीने मोजून भात खाल्ला होता.

भीमराजांनी मान हलवली. मग जपानच्या मुली यायला वेळ लागला, काटा रिकामा राहिला, आणि त्यांची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी ती काढून घेतली. समुद्राकडे पाहिलं. नजर पुन्हा काट्याकडे गेली. पडताळणीचा शिक्का कुठल्या बाजूला असतो, हे त्यांच्या डोळ्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. शिक्का दरवर्षी घ्यावा लागतो; यावरचा दोन वर्षांपूर्वीचा होता.

"हा काटा इथलाच का?" त्यांनी वाघळ्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, कॅन्टीनचा. मासळी घेतो ना आम्ही रोज, त्याचा. एकदम झकास काटा आहे."

घेणाऱ्याचा काटा कमी दाखवला की घेणाऱ्याचे पैसे वाचतात, हे भीमराजांना पाठ होतं. पडवीत भिंतीला लागून तांदळाच्या बंद गोण्या होत्या, पंचवीस-पंचवीस किलोच्या. त्यांनी एक उचलून काट्यावर ठेवली. चोवीस किलो साडेसातशे. दुसरी ठेवली. तेवढंच. तिसरी वेगळ्या कंपनीची होती. तेवढंच.

"साहेब, काय करताय?" वाघळ्यांनी विचारलं.

"काही नाही," भीमराज म्हणाले आणि गोणी परत जागेवर ठेवली.

दोन कंपन्या मिळून एकच खोटं बोलणार नाहीत. काटा शंभराला एक कमी दाखवत होता. म्हणजे दोनशे चार किलो दोनशे ग्रॅम हे खरं तर दोनशे सहाच्या वर. हा हिशोब व्हायला त्यांना एक श्वास पुरला. पुढची पंधरा मिनिटं मात्र ते पडवीच्या खांबाला टेकून उभे राहिले. जपानच्या मुली आल्या, तोलल्या गेल्या, गेल्या. वाळूत गंधाली तेजलला काहीतरी सांगत हसत होती. वाघळे वही मिटायला सांगत होते.

भीमराज टेबलाजवळ गेले आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजीत म्हणाले, "बाई, हा काटा खोटा आहे."

वाघळ्यांनी त्यांचा दंड धरला. "अहो, तुमच्या पोरीचं वजन बसलंय ना नियमात? मग?"

"बसलं नाहीये," भीमराज म्हणाले. "तेच सांगतोय."

इंगाबाईंनी त्यांचं ओळखपत्र पाहिलं, स्वतः तिन्ही गोण्या तोलायला लावल्या, आणि वहीच्या त्या पानावर आडवी रेघ मारली. सगळ्या देशांची वजनं पुन्हा होतील, पण सरकारी शिक्क्याच्या काट्यावर. असा काटा कुठे मिळेल, ते या गृहस्थांनीच सांगावं.

मार्वे मालाडात, आणि मालाड भीमराजांच्या हद्दीत नव्हतं. तिथला निरीक्षक निलेश हा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. फोन केला तेव्हा तो मुलाला घेऊन नॅशनल पार्कात होता.

"सर, मार्व्यात चालू शिक्क्याचा मोठा काटा एकच आहे. जेट्टीजवळ सोनूबाई म्हणून आहेत, मासळीवाल्या. मीच पास केलाय मार्चमध्ये. पण त्या देतील असं वाटत नाही."

सोनूबाईंनी काटा दिला, पण एकटा सोडला नाही. हातगाडीवर काटा आणि मागून त्या, अशी वरात क्लबाच्या फाटकातून आत आली. काट्यावर बोंबलांचा वास होता. वाघळ्यांनी अत्तराचा फाया आणायला सांगितला, तेव्हा सोनूबाई म्हणाल्या, "वास येतो, पन खोटं नाय बोलत. तुमच्याचं काय?"

वाघळ्यांनी फाया परत पाठवला.

सहांपैकी चार देश जास्त भरले. भारत सव्वा किलोने. इंगाबाईंनी सांगितलं, उद्या सकाळी आठपर्यंत ज्यांचं वजन नियमात येईल त्या शर्यतीत, बाकीच्यांनी प्रेक्षकांत बसावं.

त्या दुपारी मार्व्याच्या रस्त्यावर लोकांनी जे पाहिलं ते तिथे आधी कोणी पाहिलं नव्हतं. ऐन उन्हात चार देशांच्या बारा मुली घाम निघावा म्हणून रेनकोट घालून पळत होत्या. न्यूझीलंडच्या पुढे, पोर्तुगालच्या मागे, थायलंडच्या एकीच्या पायात गोळा आल्यामुळे ती लंगडत. बसथांब्यावरचा एक म्हातारा प्रत्येक फेरीला उठून आकाशाकडे पाहत होता. गंधाली बापाच्या समोरून सात वेळा गेली आणि सातही वेळा तिने मान वळवली नाही. ती रात्री क्लबातच राहणार असल्याचा निरोप जान्हवीने आणून दिला.

भीमराज एकटेच घरी आले. नंदाला सगळं फोनवर कळलं होतं. तिने ताट वाढलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

"ती उपाशी आहे. मला नाही जाणार."

"तुमचं वजन कोण करणारे?" नंदा म्हणाली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहा महिने पोरगी भाताला तरसली. दुसरा कोणी बाप असता तर गप्प बसला असता हो."

"माहीत आहे," भीमराज म्हणाले.

सोमवारी साडेसातला दोघंही मार्व्यात हजर होते. नंदाने पिशवीत एक मोठा डबा आणला होता, तो तिने पदराखाली झाकून धरला होता. न्यूझीलंड झालं, थायलंड झालं, नियमात बसलं. पोर्तुगालच्या एकीने केस कापले होते, तेही बसले. शेवटी आपल्या मुली किनाऱ्यावरची शेवटची फेरी मारून अनवाणी, ओल्या पायांनी तशाच पळत आल्या. जान्हवी काट्यावर चढली, उतरली. तेजल चढली, उतरली. गंधाली चढली. तिचे ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते.

इंगाबाईंनी बेरीज केली. दोनशे पाच किलो शंभर ग्रॅम.

आठला चार मिनिटं होती.

आणि भीमराजांना दिसलं. जान्हवी उतरली तेव्हा काट्यावर ओली वाळू राहिली होती आणि आकडा शून्यावर आला नव्हता, पन्नास ग्रॅमवर थांबला होता. तेजल उतरली तेव्हा शंभरावर. कोणी पुसली नाही, कोणी पुन्हा शून्य केलं नाही. म्हणजे जान्हवीच्या पायाची वाळू तेजलच्या वजनात आणि दोघींची गंधालीच्या वजनात धरली गेली होती. सगळे मिळून दीडशे ग्रॅम. मुली नियमात होत्या.

त्यांनी तोंड उघडलं. मग वाघळ्यांकडे पाहिलं, पोर्तुगालच्या प्रशिक्षकाकडे पाहिलं. काल ज्याने काट्याला खोटं म्हटलं, तोच आज मुलगी काट्यावर असताना वाळूचं बोलला, तर लोक काय म्हणतील? त्यांनी तोंड मिटलं. नंदा शेजारी उभी राहून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती, पण तिला काही कळलं नाही. आठला तीन मिनिटं राहिली. इंगाबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"ए पोरी, उतर आधी," सोनूबाई म्हणाल्या. "काय घान केलीय बघ. माजा काटा हाय, का धक्का हाय?" त्यांनी गंधालीला हाताला धरून खाली घेतलं आणि कमरेचं फडकं काढून काटा खसाखसा पुसला. वाळू खाली पडली आणि आकडा शून्यावर आला.

इंगाबाईंचं पेन थांबलं. त्यांनी तिघींना पाय पुसायला लावून पुन्हा तोललं. दोनशे चार किलो आठशे.

तेजल मटकन खाली बसली. जान्हवीने सोनूबाईंना मिठी मारली. गंधालीने आईकडे पाहिलं, बापाकडे नाही.

पाऊण तास गेला. भीमराज पडवीत येरझारा घालत होते. शेवटी ते इंगाबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मला एक तक्रार द्यायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"भीमराज खिल्लारे."

त्यांनी सगळं सांगितलं. इंगाबाईंनी ऐकून घेतलं. अशा तक्रारीसाठी आमच्याकडे नमुना नाही, असं त्या म्हणाल्या, पण त्यांच्या देशात तक्रार आली की ती लिहून फळ्यावर लावतात, आणि त्यांनी ती लावली. शर्यतीच्या वेळापत्रकाशेजारी इंग्रजीत टाइप केलेला कागद: "प्रेक्षक श्री. खिल्लारे कळवतात की, आज सकाळी काट्यावर वाळू असल्याचं त्यांनी पाहिलं, पण सांगितलं नाही. नोंद घेतली. कारवाई नाही."

एकतीस वर्षं भीमराजांनी दुसऱ्यांच्या दारावर नोटिसा चिकटवल्या होत्या. न्यूझीलंडच्या मुली ती मोठ्याने वाचत होत्या. त्यांच्या मागून गंधालीने वाचली आणि ती सरळ बापासमोर आली.

"पप्पा, तुम्ही पाहिलं होतं?"

"हो."

"आणि गप्प बसलात?"

"माझी मुलगी होती ना काट्यावर. बोललो असतो तर..."

"आणि काल कोणाची होती?"

नोटीस घेणारा प्रत्येक दुकानदार भीमराजांना काही ना काही कारण देत आला होता. कोणी वीज गेली होती म्हणे, कोणी नोकर नवीन होता म्हणे. भीमराजांना एकही सुचलं नाही. गंधालीचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"कमाल माणूस आहात यार तुम्ही," ती म्हणाली. "आई, त्या पिशवीत काय आहे?"

"आता खाऊन कसं चालेल?" भीमराजांनी घाईने विचारलं.

"एकदा वजन झालं की खाता येतं. नियम आहे."

"कुठे लिहिलंय?"

गंधालीने त्यांना हाताला धरून फळ्यापाशी नेलं. भीमराजांनी चष्मा लावला आणि कलम दोनदा वाचलं. स्पर्धा संपेपर्यंत पुन्हा वजन होणार नाही, असं त्यात स्पष्ट होतं. त्यांनी नंदाला मानेने खूण केली.

तिघी पडवीच्या पायरीवर बसल्या. ज्वारीच्या भाकरी, मटण, कांदा, वर भात. तिघी एकमेकींशी न बोलता जेवल्या आणि मग दोन तांबे पाणी प्यायल्या. नंदा वाढत होती. सोनूबाईंनाही तिने आग्रहाने बसवलं.

अकराला शर्यत सुटली, तेव्हा वारा वाढला होता. किनाऱ्यावरून होड्या दिसत होत्या. पोर्तुगालची होडी वारंवार कलत होती, न्यूझीलंडच्या मुली कडेवर ओणव्या होऊनही आपल्या होडीला आवरू शकत नव्हत्या. वजनानंतरही त्यांनी एकेका केळ्यावरच भागवलं होतं; त्यांच्यात जोर नव्हता, आणि वजनही. जपान पुढे निघून गेलं. त्यांच्या मागे भारताची होडी पाण्यावर ताठ उभी राहून येत होती.

"काय तंत्र आहे बघा," वाघळे दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाले. "काय ती बैठक. दुसरा नंबर कुठे जात नाही आता."

भीमराजांनी मनातल्या मनात भाकरी मोजल्या होत्या. मटण, भात, पाणी धरून तिघींचं मिळून साडेतीन किलो, कमी नाही. इंगाबाई चार पावलांवर उभ्या होत्या. भीमराजांनी सवयीने एक पाऊल त्या दिशेने टाकलं.

मग नियम आठवून ते थांबले, आणि नंदाच्या शेजारी वाळूत बसून त्यांनी डब्यात उरलेली अर्धी भाकरी खाल्ली.