इनासबाबांची तेरावी चौकट

मोमिनाबादच्या आमच्या देवळात एक खुर्ची आहे. तिच्यावर बसायची परवानगी फक्त बिशपांना आणि धुळीला. त्यातली धूळ देवळाची राखण करणारे इनासबाबा रोज सकाळी ओल्या पंच्यानं हुसकावून लावतात. फार वर्षांपूर्वी एक बिशप उन्हातान्हाचे आमच्याकडं आले, त्या खुर्चीत दुपारभर टेकले, दोन लोटे ताक प्यायले आणि निघून गेले. ज्या देवळात बिशपांची खुर्ची ते कथीड्रल, असं कुणीतरी इनासबाबांच्या कानावर घातलं होतं. झालं. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, प्रार्थनेच्या मध्येच आत शिरणारी पाटलाची शेळी, तरी हे कथीड्रल. आमची सगळी वस्ती ह्या चर्चला देऊळ म्हणते. इनासबाबा तेवढे कुणी देऊळ म्हटलं की थुंकतात. आत नव्हे, बाहेर जाऊन.

एकदा तहसीलदारसाहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आले आणि सरळ त्या खुर्चीकडं वळले. इनासबाबा आडवे आले. म्हणाले, "सरकार, तेवढी सोडून बाकी समद्या खुर्च्या तुमच्याच हायत." देवळात दुसरी खुर्चीच नव्हती. साहेबांनी मुआयना उभ्यानं केला आणि चिडून अर्ध्यावर उरकला. वस्तीनं ह्याला इनासबाबांची हुशारी म्हटलं. वस्ती कशालाही हुशारी म्हणते.

मी हैदराबादेहून बी. ए. होऊन आलो तो ह्याच सुमाराला. आमच्या वस्तीतला पहिला. माझा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबला, आई शेण्या थापायची, हे मी लपवत नाही. पण मी बी. ए. आहे हेही लपवायचं कारण नाही. सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, मुलांना शिकवायला लागलो. इनासबाबांनी माझं बापानं ठेवलेलं नाव टाकून दिलं आणि मला 'बीए' म्हणायला सुरुवात केली. "ए बीए, शेळी हाकल की बे." पदवीचा असा उपयोग हैदराबादेत कुणी सांगितला नव्हता.

नवे बिशप भेटीला येणार होते. त्यांना दाखवायला देवळाचा आणि त्यातल्या मूर्तीचित्रांचा इतिहास शुद्ध भाषेत लिहून काढायचं काम फादरांनी मला दिलं. फादर फ्रान्सचे. त्यांना शुद्ध मराठी कळतं, अशुद्ध माणसं कळत नाहीत. इतिहास म्हणजे इनासबाबांना विचारणं आलं, कारण दुसऱ्या कुणाला काही ठाऊक नव्हतं.

"देऊळ कधी बांधलं?"

"छावणी व्हती तवा."

"साल कोणतं?"

"साल कावून पायजे तुला? भिंत उभी हाय न्हवं?"

चार दिवस अशी डोकेफोड केल्यावर हाती लागलं ते एवढंच, की इथल्या फौजेच्या छावणीत गोव्याचे बँडवाले होते, त्यांनी हे देऊळ बांधलं. इनासबाबा तरुणपणी त्यांचा मोठा ढोल पाठीवर वाहायचे. तिथंच बाप्तिस्मा झाला आणि बँडमास्तरांचं नाव ह्यांना मिळालं. पुढं छावणी उठली, बँड गेला. एक संत अंतोनची मूर्ती, भिंतीवरची चौदा चित्रं आणि इनासबाबा, एवढं सामान मागं राहिलं.

त्यातल्या संत अंतोनची कथा ऐका. मूर्ती प्लास्टरची. एका दिवाळीला इनासबाबांना वाटलं, समदा गाव न्हातोय आणि संतच तेवढा पारोसा. त्यांनी मूर्तीला तेल लावलं, उटणं चोळलं आणि कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. उटण्याबरोबर संतांचं नाक गेलं. मग चुना आणि गूळ मळून ह्यांनी नवं नाक बसवलं, चांगलं पसरट, आमच्याकडं असतं तसं. फादरांनी कपाळाला हात लावला. इनासबाबा म्हणाले, "आता कुटं ते आपल्यातले दिसाया लागले." मी हे इतिहासात लिहिलं नाही. मूर्ती प्राचीन असून तिचं नाक झिजलेलं आहे, असं लिहिलं.

राहिली चौदा चित्रं. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला थडग्यात ठेवलं तिथवरची क्रुसाची वाट. उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी माणसं एकेका चित्रापुढं गुडघे टेकतात आणि इनासबाबा काठीनं दाखवत त्या त्या चित्राची हकीकत सांगतात. त्यांच्या हकिकतीत पिलात हा मोमिनाबादचा तालुकदार असतो आणि रोमन शिपायांना अफूची सवय असते. हेही एक वेळ चाललं असतं.

पण तेराव्या चौकटीत चित्रच नव्हतं. मेलेल्या येशूला क्रुसावरून उतरवून आईच्या मांडीवर देतात, ते चित्र तिथं असायला हवं. चौकट होती, काच होती, मागं नुसती फळी. चित्र वाळवीनं खाल्लं, असं इनासबाबा सांगत. आणि बाकी तेरा चित्रांना मिळून लागत नसेल एवढा वेळ हा माणूस त्या फळीपुढं घेत असे.

"माय बसली हाय," ते सांगायचे, "लिंबाखाली. लेकराचं डोकं डाव्या हातावर घेतलंय. उजव्या हातानं पदर धरून त्याच्या पायाची माती पुसती हाय. बोटाबोटातली. घाई न्हाई तिला. लेकरू गावलंय आता."

यरुशलेमात लिंब! पण बाया हुंदके द्यायच्या. माझी आईसुद्धा. नुसत्या फळीपुढं रडणारी ही माणसं बिशपांनी पाहिली तर आमची काय शोभा राहील, ह्या काळजीनं मी फादरांना न विचारताच मुंबईहून तेरावं चित्र मागवलं. फादर खूश झाले.

चित्र आलं. उत्तम छपाई. निळ्या झग्यातली गोरी माता, डोळे आभाळाकडं लावलेले. इनासबाबांनी ते बराच वेळ पाहिलं.

"झ्याक हाय," म्हणाले. "पर हिचं ध्यान लेकराकडं न्हाई."

मग ते फादरांकडं गेले. तेरावी चौकट तशीच राहू द्या, म्हणून त्यांनी हात जोडले. फादरांनी सांगितलं, बीए म्हणतात ते योग्य आहे. मग दोन दिवस ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. आईनं दिलेला चहाही प्यायले नाहीत. म्हाताऱ्याला रिकाम्या फळीची पोपटपंची करून मान मिळत होता, तो जाणार म्हणून ही हाय खाल्ली आहे, असं मी आईला म्हणालो. आईनं तो निवलेला चहा उचलला आणि आत गेली.

बिशप यायच्या आदल्या दुपारी मी हातोडी आणि चित्र घेऊन देवळात गेलो. इनासबाबा तेराव्या चौकटीखाली बसले होते. मी चौकट उतरवली, उलटीपालटी करून पाहिली. लाकूड धडधाकट, एक भोक नाही.

"बाबा," मी म्हणालो, "वाळवी लाकूड सोडून नुसता कागद खाते होय? चित्राचं काय केलंत ते खरं सांगा. विकलंत का?"

खरं तर एवढं लागट बोलायला नको होतं. पण मी बोललो.

त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "वाळवीनंच खाल्लं असंल आता. पर हितं न्हाई. मातीत."

मग त्यांनी सांगितलं. मला माहीत होतं त्यातलं निम्मंच. त्यांचा एकुलता एक पोरगा पावलू आगगाडीच्या रुळाच्या कामाला गेला होता, हे वस्तीला ठाऊक होतं. तिथं पटकी आली आणि मेलेल्या मजुरांना एका खड्ड्यात लोटलं, कुणाला कुठं ते कुणीच सांगितलं नाही. इनासबाबा तीनदा जाऊन रुळाच्या कडेकडेनं फिरून आले. त्यांची बायको मार्था रोज देवळात यायची आणि ह्या चित्राखाली बसायची. ह्या बाईला मेलेलं का होईना लेकरू मांडीवर मिळालं, एवढंच म्हणायची. पुढं तीही गेली.

"तिला पेटीत ठिवली," इनासबाबा म्हणाले, "आन् बघितलं तर तिची ओटी रिती. सासरला धाडताना बी पोरीची ओटी भरत्यात बे. रित्या ओटीनं बाईला कशी लावून देऊ? मग हे काढलं आन् ठिवलं तिच्या ओटीत. फादरला सांगितलं वाळवी."

मी चौकट परत खिळ्याला अडकवली. रिकामीच. मुंबईचं चित्र घरी नेऊन पेटीत ठेवलं आणि ते टपालात भिजून खराब निघालं असं फादरांना सांगितलं. शिकलेल्या माणसाची थाप लवकर पटते.

बिशप दुसऱ्या दिवशी आले. त्यांना इंग्रजी येत होतं, मराठी नाही, म्हणून मी दुभाषी. पिलात, शिपाई, सगळं मी गाळून, धुऊन, इस्त्री करून सांगत गेलो. तेराव्या चौकटीशी इनासबाबांनी काठी वर केली आणि सांगायला लागले. बिशपांनी रिकाम्या फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फादर चुळबुळ करायला लागले. मी भाषांतर केलं. लिंब, डावा हात, बोटाबोटातली माती. एक शब्द गाळला नाही.

बिशप फळीच्या अगदी जवळ गेले आणि बघत राहिले.

इनासबाबा माझ्या कानाशी आले.

"बीए, त्यास्नी दिसला का बे मपला पावलू?"

मी बिशपांना काही विचारलं नाही. "दिसला," म्हणालो.