हेमराजनं डोकं केलं

सोमवारी सकाळी पांडेसऱ्याच्या मिलमधली रात्रपाळी संपवून हेमराज गोडादऱ्यातल्या घरी आला, तेव्हा डोक्याच्या रुमालाखाली त्याचे केस गुलाबी झाले होते. साधे गुलाबी नव्हे, सुरतेच्या साड्यांवर असतो तो भडक राणी कलर. रंगाचं पिंप सरकवताना झाकण निसटलं आणि आतला माल डोक्यावर आला, एवढंच घडलं होतं. कपाळ आणि कान घासून घासून पूर्ववत झाले, पण केसांनी रंग घट्ट धरला. एवढा पक्का रंग कापडावर बसला असता तर मिलचा शेठ खूश झाला असता.

सुषमानं नवऱ्याला मोरीत बसवून साबण लावला, बेसन लावलं, लिंबू चोळलं. शेवटी रॉकेलही लावून पाहिलं. रॉकेलनं रंगाला उलट चकाकी आली.

एरवी हेमराजनं डोक्याला रुमाल बांधून महिना काढला असता. पण रविवारी त्याच्याकडेच राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, गायत्रीला बघायला चलथाणहून पाहुणे येणार होते. मुलगा तिथल्या साखर कारखान्यात फिटर होता. स्थळ चांगलं होतं. हेमराजचे वडील, धुडकूआबा, पारोळ्याजवळच्या गावात राहत. मुलगी आपल्या उंबऱ्यात दाखवायची असते, सुरतेत नाही, या मुद्द्यावर ते रुसून बसले होते आणि मी येणार नाही, असा निरोप त्यांनी धाडला होता. म्हणजे बोलणी करायला घरातला मोठा माणूस एकटा हेमराज. त्यानं राणी कलरचं डोकं घेऊन पाहुण्यांसमोर बसायचं कसं?

सोमवार असल्यामुळे सलून बंद होतं. ते उघडं असतं तरी तिथे चारचौघांत रुमाल सोडावा लागला असताच. तेव्हा हेमराजनं दाढीच्या रेझरमध्ये नवं ब्लेड घातलं आणि आपल्या हातानं डोकं करायचं, म्हणजे पार गुळगुळीत भादरायचं ठरवलं. सुषमाला वाटलं, आता रविवारी पाहुण्यांसमोर पट्ट्या बांधलेलं डोकं येणार.

पण हेमराजनं घाई केली नाही. आधी कात्रीनं केस बारीक केले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल डोक्यावर ठेवून तो निवांत बसला. मग खोबरेल आणि त्यावर दाढीच्या साबणाचा जाड फेस. केस ज्या अंगाला वळतात त्याच अंगाला रेझर, तोही नुसता टेकवून, दाब न देता. दोनदा ओढला की ब्लेड पाण्यात बुडवायचं. कानामागे आला की कान पुढे दुमडायचा. भोवऱ्यापाशी केस गोल फिरतात, तिथे रेझरही गोल फिरवायचा. सुषमा मागे आरसा धरून उभी होती आणि तिनंच श्वास रोखून धरला होता. शेवटी तुरटी फिरवली, तर ती कुठेच झोंबली नाही. सगळ्या डोक्यावर एक ओरखडा नव्हता. सुषमानं गुलाबी केस वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकले आणि हेमराज मोठ्या समाधानानं दूध आणायला बाहेर पडला.

समोरच्या घरातले निंबाकाका ओट्यावर बसले होते. हेमराजला पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, जवळ आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कधी रे?"

"आत्ताच, सकाळी," हेमराज म्हणाला.

"फार त्रास झाला का?"

"सुरुवातीला थोडा. जाम धरून बसले होते. मग गरम पाण्याचा शेक दिला, तेव्हा सुटले."

"सुटले," निंबाकाका हळूच म्हणाले. "चांगलं झालं. पडून राहण्यापेक्षा बरं."

"रक्ताचा एक थेंब नाही, काका. अगदी अलगद गेले."

काकांचे डोळे भरून आले. आपल्या केसांसाठी माणसानं इतकं हळवं का व्हावं, हे हेमराजला कळलं नाही. पण काकांचा स्वभावच मायाळू आहे, असं समजून तो दुधाच्या दुकानाकडे गेला. तिथल्या भाईनं दुधाचे पैसे घेतले नाहीत. तेव्हाही त्याला काही कळलं नाही. घरी येऊन तो झोपला.

दुपारी जाग आली ती रडण्याच्या आवाजानं. हेमराज घरी येण्याआधीच शिवणाच्या क्लासला गेलेल्या गायत्रीला परतताना गल्लीतल्या बायकांनी कोपऱ्यावरच गाठून गळ्याशी धरलं होतं. आपले आबा गेले, हे तिला तिथेच कळलं. ती धावत घरी आली, तर समोर भाऊ मुंडण करून उभा. मग तिनं असा हंबरडा फोडला की ज्यांना आतापर्यंत थोडी शंका होती त्यांचीही खात्री पटली. तिच्यामागून शेजारच्या उषाबाई पिठल्या-भाकरीचं ताट घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून.

गायत्रीची समजूत काढायला संध्याकाळ झाली. गल्लीची समजूत काही निघेना. म्हातारा गावी वारला तर पोरगा सुरतेत कसा, हेही कुणाच्या मनात आलं नाही. हेमराज दारोदार जाऊन सांगत होता, की आबा ठणठणीत आहेत, केस गुलाबी झाले होते म्हणून काढले. लोक त्याच्याकडे कणवेनं बघत. गुलाबी केस कुठे आहेत, असं कुणी विचारलं तर दाखवायला एक केस शिल्लक नव्हता, इतकं ते काम स्वच्छ झालं होतं. बापाच्या जाण्यानं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं शेवटी सगळ्यांचं मत पडलं. निंबाकाकांनी सुषमाला बाजूला घेऊन, त्याला एकटं सोडू नकोस, असंही सांगितलं.

हेमराज दर रविवारी एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन करायचा, तो नंबर बूथवाल्याकडे होताच. दशक्रिया गावी होणार की तापीवर, हे विचारायला काकांनी तिथे फोन लावला. लाइन मधेच तुटली, पण दुकानदारानं तो निरोप थेट धुडकूआबांना दिला. काकांचा पुतण्या चलथाणच्या कारखान्यात कामाला होता, त्याच्यामार्फत बातमी तिथेही पोचली. मंगळवारी तिथून उलटा निरोप आला: रविवारचा कार्यक्रम तूर्त राहू द्या, वर्ष सरल्यावर बघू. दुखवट्याला मुलाचे काका मारुतीतात्या उद्या स्वतः येताहेत.

निरोप ऐकून गायत्री आत जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर आली नाही. हेमराजनं पहिल्यांदाच आपल्या गुळगुळीत डोक्याला हात मारून घेतला.

बुधवारी सकाळी गावाहून फोन आला, की आबा रागारागानं रात्रीच भुसावळ पॅसेंजरला बसलेत. हेमराज त्यांना आणायला उधना स्टेशनवर धावला. आबा तोवर उतरून, रिक्षा करून, विचारत विचारत गोडादऱ्यात पोचले होते. ते सुरतेला कधीच आले नसल्यामुळे गल्लीत त्यांना कुणी ओळखत नव्हतं. घरासमोर गल्लीनंच सतरंजी घातलेली, चार-सहा माणसं टोप्या काढून गप्प बसलेली. आपल्या दुखवट्याला कोण कोण आलंय ते बघावं, म्हणून आबाही टोपी काढून एका कडेला बसले.

थोड्या वेळानं मारुतीतात्या आले आणि आबांच्याच शेजारी टेकले. हा गावाकडचा कुणी म्हातारा सोयरा असावा, असं त्यांना वाटलं. आत निरोप गेला होता, पण गल्लीच्या नळाला पाणी आलं होतं आणि घरातल्या दोघी मागच्या बाजूला हंडे भरत होत्या. वाट बघता बघता तात्या बोलू लागले.

"माणूस भला होता म्हणतात," तात्या म्हणाले.

"असेल," आबा म्हणाले.

"पण हट्टी फार. खरं सांगू? आम्हाला त्यांचीच धास्ती होती."

आबांनी मान हलवली. पुढे काय, असं त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

तात्यांनी आवाज उतरवला. "मुलगी आमच्या पोरानं शिवणक्लासच्या रस्त्यावर कधीच बघितलीय. लग्न करीन तर तिच्याशीच, असं घरी सांगून बसलाय. आमची तर नुसता नारळ घेऊन मुलगी न्यायची तयारी होती. पण म्हाताऱ्यासमोर असं दाखवलं तर तो डोक्यावर बसेल, म्हणून देण्याघेण्याचं जरा ताणून धरायचं ठरलं होतं. आता काय, तेच राहिले नाहीत."

आबा सावकाश उठले. टोपी झटकून डोक्यावर घातली, धोतराचा सोगा सारखा केला आणि दारातून आत हाक मारली, "गायत्री, बेटा, पाहुण्यांसाठी चहा टाक. साखर चांगली घाल."

हंडा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गायत्री "आबा" म्हणत धावत बाहेर आली. सतरंजीवरचे सगळे उभे राहिले. निंबाकाका दोन पावलं मागे सरकले.

"मी धुडकू पाटील," आबा तात्यांना म्हणाले. "अजून जित्ता शे. तुम्ही नारळाचं बोललात, ते मला मान्य."

ज्याच्या दुखवट्याला आलो त्याच्याशी काय बोलायचं असतं, हे तात्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं. ते वाकले आणि आबांच्या पाया पडले. सुषमानं लगबगीनं कुंकवाचा करंडा आणला. निंबाकाका कुणी न सांगताच नारळ आणायला धावले.

स्टेशनवरून हात हलवत परतलेला हेमराज गल्लीच्या तोंडाशी थबकला. दारात आबा तात्यांच्या कपाळाला कुंकू लावत होते आणि गल्लीतल्या बायका पुन्हा डोळे पुसत होत्या. तो तसाच उन्हातून चालत आबांसमोर जाऊन उभा राहिला. आपण काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं.

"टोपी घाल रे," ते म्हणाले. "सोयरिकीचं बोलणं चालू शे."