अकरा ते चार या वेळेतलं कुटुंब

उपनगर वसाहत मंडळानं एक धडधाकट, कमावता, दोन लेकरांचा बाप त्याच्या राहत्या घरातून गहाळ केला आहे. हा आरोप आहे, आणि तो मंडळाच्या तोंडावर केला आहे. मंडळ म्हणेल, गहाळ हा शब्द योग्य नाही. ठीक. मंडळाच्या कागदावर जो शब्द आहे तो पुढे येईलच. तो गहाळपेक्षा वाईट आहे.

आधी मूळ सिद्धांत. कुटुंब वाढतं, खोली वाढत नाही. हा सिद्धांत मंडळानं शोधला नसला तरी त्यावर पुस्तिका मंडळानंच काढली.

ज्याच्यावर तो सिद्ध झाला तो माणूस शहरात दातांच्या कवळ्या बनवतो. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याला टेकतो का बघायचं, मग घासायचं. कारखान्यातले लोक त्याला बत्तीशी म्हणतात, आपणही म्हणू. बत्तीशी, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी मुंगी अशी तिघं एका खोलीत राहत. कपाट उघडायचं तर फ्रिज बंद लागे, आणि फ्रिज उघडायचा तर मुंगीला पलंगावर चढावं लागे. दुसऱ्या बाळाची चाहूल लागली तेव्हा बायकोनं टेप घेऊन खोली मोजली. पाळणा बसत होता. फक्त बाहेरचं दार कायमचं बंद ठेवावं लागणार होतं.

तेव्हा त्यांनी मंडळाची पुस्तिका आणली: ‘वाढत्या कुटुंबासाठी परवडणारी गावं’. कागद गुळगुळीत. मुखपृष्ठावर एक बाप मुलीला झोका देतोय. (ऊन बापाच्या डोक्यावर आहे, म्हणजे वेळ दुपारची. हा बाप कामाला कधी जातो, याचा खुलासा पुस्तिकेत नाही.)

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. हल्ली नुसतं पाहून यायलाच रविवार जातो. त्यांनी सहा रविवार घातले. एका गावात पाणी होतं, डॉक्टर नव्हता. दुसऱ्यात डॉक्टर होता, त्यानंच दाराबाहेर गाठून सांगितलं, “लेकरू लहान आहे ना? मग इथे येऊ नका.” तिसऱ्यात शाळा होती, मास्तर शहरातून यायचे आणि शाळा सुटायच्या सुमाराला पोचायचे. चौथं इतकं स्वस्त होतं की घर दाखवायलाही कुणी थांबलं नव्हतं. पाचव्यात सगळं होतं, म्हणून ते त्यांच्यासाठी नव्हतं. सहाव्याबद्दल पुस्तिकेत लिहिलं होतं: ‘शहरापासून पस्तीस मिनिटं.’ (ही मोजणी मंडळाच्या एका सदस्यांनी सुट्टीच्या दिवशी पहाटे, सरकारी गाडीत, झोपून केली. पस्तीस मिनिटांनी त्यांना जाग आली. तेव्हा गाडी कुठे होती, हे नोंदवण्याची पद्धत नाही.)

सहावं ठरलं. दोन खोल्या, गॅलरी, आणि स्वयंपाकघरात एक खिडकी. तिच्यातून दुपारी ऊन येतं, असं बायको सांगे. बत्तीशीला ते ऐकीव माहितीवरच ठेवावं लागलं, कारण प्रवास जायला दोन तास दहा मिनिटं आणि यायलाही तेवढाच होता. तो सव्वापाचला निघे, साडेनऊला येई. दोन्ही वेळेला मुंगी झोपलेली. पोरगी झोपेतच वाढत होती. दर रविवारी ती त्याला थोडी लांब झालेली सापडे. मग मुलगा झाला. तो बापाला बघून रडे. त्याला दोष देता येणार नाही. अनोळखी माणूस बघून रडणं हे निकोप वाढीचं लक्षण आहे, असं पुस्तिकेतच पान अकरावर दिलं आहे.

घर परवडलं ते ‘सहकुटुंब सवलती’मुळे. संपूर्ण कुटुंब गावात राहत असेल तर निम्म्या भावात घर. मंडळाला गावात कुटुंबं हवी होती, नुसते झोपायला येणारे लोक नको होते. हेतू थोर होता. म्हणून पडताळणी होती. निरीक्षक न कळवता येत, कामाच्या दिवशी, अकरा ते चार. (मंडळाचं कार्यालय चारला बंद होतं.) ते घरात मोजून माणसं बघत, मग मोरीत जाऊन दात घासायचे ब्रश बघत. ओला ब्रश हा वास्तव्याचा पुरावा. बत्तीशीचा ब्रश पहाटे ओला झालेला. बारापर्यंत खडखडीत वाळलेला असे. जगाला दात पुरवणाऱ्या माणसाच्या ब्रशवर सरकारचा विश्वास बसेना.

पहिली भेट. नोंद: ‘पती: आढळला नाही.’ दुसरी भेट: ‘पती: पुन्हा आढळला नाही.’ तिसऱ्यांदा हेच झालं की सवलत रद्द, घर रिकामं. म्हणजे परत त्या एका खोलीत, आता चौघं, दार बंद करून.

रविवारी समोरची शेजारीण आली.

“रजा काढतो,” बत्तीशी म्हणाला.

“किती दिवस काढणार, भाऊजी? तारीख सांगतात का ते? दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर नोकरीच सोडली, घरी बसले.”

“मग?”

“मग काय, सवलत शहरात नोकरी असणाऱ्यांनाच आहे. गेले बिचारे सामान घेऊन.”

“इकडे आड तिकडे विहीर. बाकीचे करतात काय?”

“बाकीच्यांकडे काका आहेत.”

काका तळमजल्यावर राहत. पोस्टमन होते, निवृत्त झालेले, घरात एकटेच. इमारतीच्या दाराशी बाकावर बसत, म्हणून निरीक्षक गल्लीच्या तोंडाशी दिसला की काकांनाच आधी कळे. काका मागच्या जिन्यानं वर. प्रत्येक घरात खुंटीला एक शर्ट तयार. शर्ट चढवायचा, ब्रश ओला करायचा, खुर्चीत बसायचं. विचारलं तर म्हणायचं, शहरात रात्रपाळी आहे. निरीक्षक बाहेर पडून बूट घालेपर्यंत काका शेजारच्या घरात नवरा झालेले असत. निरीक्षकांच्या बुटांना नाड्या होत्या, ही मंडळाचीच कृपा. काकांच्या केसांना लावायचा काळा रंग इमारतीच्या खर्चानं. मागच्या वर्षीच्या अहवालात लिहिलं आहे: ‘सोळापैकी सोळा पती हजर. सर्वांची उंची पाच फूट चार इंच. सर्व रात्रपाळीत. गावाचं राहणीमान एकसारखं असल्याचं यावरून दिसतं.’

शेजारीण म्हणाली, “माणूस सज्जन आहे. एका दुपारी सोळा संसार करतात, पण कुठे भांड्याला भांडं लागलं नाही.”

बायको बत्तीशीकडे बघत म्हणाली, “अरे, मग शर्ट कुठला देऊ?”

“चौकड्यांचा दे. निळा नको, तो मी रविवारी घालतो.”

इतकं शांतपणे ठरलं. कवळी बसवणाऱ्याला माहीत असतं: खरे दात नसले तर खोटे बसवतात, आणि माणूस हसायला लागतो.

काका सरावासाठी रोज दुपारी येऊ लागले. मुंगीला अक्षरं शिकवली, बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीतल्या उन्हात उभे राहिले. हे कुठल्याही नियमात नव्हतं. ते फुकट होतं.

आणि ज्या दिवशी तिसरी भेट झाली, त्याच दिवशी कारखान्यातली भट्टी जळाली. मालक म्हणाला, घरी जा. बत्तीशी साडेबाराला गावात उतरला. दिवसाढवळ्या. रस्त्याला झाडं होती हे त्याला नव्यानं कळलं. दोन-दोन पायऱ्या गाळत तो जिना चढला. आज पोरगी जागी सापडणार होती. दार उघडंच होतं. बाहेर नाड्यांचे बूट.

आत खुर्चीत काका. अंगात चौकड्यांचा शर्ट, खांद्यावर बाळ, ते गाढ झोपलेलं. समोर निरीक्षक लिहीत होते. बायको मोरीच्या दाराशी, हातात ओला ब्रश. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येत होतं. सांगितलं होतं तसंच.

निरीक्षकांनी मान वर केली. “आपण?”

बत्तीशीच्या हातात घराची किल्ली होती. ती त्यानं खिशात टाकली. बायकोनं त्याच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. तोंड उघडलं ते मुंगीनं. ती फरशीवर पाटी घेऊन बसली होती. खोटं बोलायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“हे रविवारी येतात,” मुंगी म्हणाली.

“असं. पाहुणे?”

दोन नोंदी आधीच होत्या. बत्तीशीनं खोली बघितली, पाळणा बघितला, काकांच्या खांद्यावरचं झोपलेलं तोंड बघितलं.

“हो,” तो म्हणाला. “पाहुणा.”

“या ना, बसा,” बायको म्हणाली. लग्नाला सात वर्षं झाली होती. ‘बसा’ ती त्याला पहिल्यांदाच म्हणाली. काका खुर्चीतून अर्धवट उठले, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं. मग काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, “अगं, पाणी दे त्यांना. उन्हातून आलेत.”

बत्तीशी पाहुण्यासारखा टोकावर बसून पाणी प्यायला. पेला चांगला होता, पाहुण्यांचा. त्याला तो घरात आहे हे माहीत नव्हतं.

निरीक्षक उठले तेव्हा बत्तीशीलाही उठावं लागलं; नवऱ्याच्या समक्ष पाहुणा मागे राहिलेला बरा दिसत नाही. दोघं जिन्यापर्यंत बरोबर गेले. निरीक्षक पहिल्या पायरीवर बसून नाड्या बांधू लागले.

“कितीला निघता सकाळी?” त्यांनी खालीच बघत विचारलं.

“सव्वापाचला.”

“मी पावणेपाचला. दोन गावं पुढे राहतो.” त्यांनी गाठ मारली, सोडली, परत मारली. “आमच्याकडेही एक काका आहेत. स्वभावानं चांगले आहेत.”

मग ते हळूहळू पुढच्या घरी गेले, काकांना पोचायला वेळ मिळेल इतके हळू.

मंडळाचं पत्र महिन्याभरात आलं. काकांच्या हातात आलं, कारण कुटुंबप्रमुखाच्या नावे होतं. सवलत कायम. कुटुंबप्रमुख घरी आढळतात याबद्दल अभिनंदन. खाली बारीक अक्षरात: ‘आपल्याकडे वारंवार येणाऱ्या पाहुण्याची नोंद घेण्यात आली आहे. पाहुण्याचं वास्तव्य वर्षाला बावन्न दिवसांपेक्षा जास्त नसावं. जास्त झाल्यास कुटुंबप्रमुखाची लेखी संमती जोडावी.’ वर्षात रविवार बावन्न. मंडळाचा हिशेब चुकत नाही. फक्त एखाद्या सोमवारी मुंगीला ताप आला आणि बापाला घरी थांबावंसं वाटलं, तर त्यानं तळमजल्यावर जाऊन काकांची सही आणायची आहे.

त्यानं ती आणली. तापाच्या दुसऱ्या दिवशी. काकांनी सही करताना दोनदा सॉरी म्हटलं.

तेव्हा मंडळानं उत्तर द्यावं. घर कुटुंबासाठी असतं की कुटुंब घरासाठी ठेवायचं असतं? जो माणूस घराचे हप्ते भरतो तो त्या घरात पाहुणा असेल, तर ते घर कुणाचं? आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर झोका देणारा तो बाप कोण आहे? नीट बघा. त्याची उंची पाच फूट चार इंच भरते.

मंडळ उत्तर देणार नाही, चार वाजून गेले आहेत. मग तुम्ही द्या. तुम्ही हे जाता-येता वाचत असाल, घरी वाचायला तुम्ही असता कुठे? मघापासून त्या निरीक्षकाला हसत होतात. आज दुपारी बारा वाजता तुमच्या घरातला तुमचा ब्रश ओला होता की कोरडा?

ओला असेल, तर कुणी केला?