इरप्पांची जादा ट्यूब

इरप्पांच्या मोटारीत बसून टायरला कुणी ‘चाक’ म्हणालं, की ते भर माळावर गाडी थांबवायचे.

“चाक बैलगाडीला!” म्हणत सगळ्यांना खाली उतरवायचे. “हे बघा. ही लोखंडाची रिम. तिच्यावर टायर, टायरच्या आत ट्यूब. गाडीचं वजन टायर न्हाय पेलत, हवा पेलती. काय पेलती?”

“हवा,” आम्ही म्हणायचो. म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. बेंबळीच्या पलीकडं एका खेड्यात मी मास्तर होतो. शुक्रवारची सुट्टी घरी काढायला दर गुरुवारी इरप्पांच्या मोटारीनं धाराशिवला जायचो. मोटार त्यांची स्वतःची. मालक, ड्रायव्हर, क्लीनर सगळं तेच. पन्नाशीचा सडसडीत माणूस, कपाळाला विभूती, आणि बूड कसं ते कुठं टेकत नसे. गाडी थांबली की तिच्याभोवती फेऱ्या सुरू. लग्नाच्या पंगतीतून उठून टायर अंगठ्यानं दाबून येताना मी त्यांना पाहिलंय.

“मास्तर, व्हॉल म्हंजे काय?”

“वॉल्व्ह. हवेचं दार.”

“एकतर्फी दार! आत घेतंय, भायेर सोडत न्हाय. कचेरीतल्या अर्जावानी.”

मग जर्मन-जपानची लढाई आली आणि रबर मिळेनासं झालं. टायरवरची नक्षी झिजून गेली. ट्यूबला इतकी ठिगळं, की मूळची ट्यूब शोधावी लागे.

“इरप्पा, एखादी जादा ट्यूब ठेवा की जवळ,” लोक म्हणायचे.

“हाय की चांगली नवी.”

“कुठंय?”

“हाय म्हंलं न्हवं!” असं वसकन बोलून ते फेऱ्या मारायला लागायचे. ट्यूब कधी दिसली नाही. त्यांनी ती विकून टाकली, असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं.

एका गुरुवारी गाडीत सखाराम नावाचा विहीर खोदणारा गडी होता. सुरुंगाचा दगड पायावर पडून पिंढरीची चाळण झालेली. त्याची बायको रक्तानं भिजलेलं धोतर पायावर दाबून बसली होती. बेंबळी सोडून मैलभर गेलो आणि मागचं टायर बसलं.

इरप्पांनी ट्यूब बाहेर ओढली. वॉल्व्हच्या बुडाशीच फाटली होती. तिथं ठिगळ बसत नाही, एवढं आता आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

“इरप्पा, ती नवी ट्यूब असंल तर काढा आता,” मी चिडून म्हणालो. “माणूस मरायला लागलाय.”

त्यांनी सखारामकडं पाहिलं. दोनदा गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, “चला मास्तर माज्यासंगं.”

आम्ही जवळजवळ पळतच बेंबळीला त्यांच्या घरी आलो. आत अंथरुणावर त्यांची बायको गौरव्वा पडून होती. कमरेखालचं अंग गेलेलं. तिच्या कमरेखाली, गोधडीच्या आत, अर्धवट हवा भरलेली ती नवी ट्यूब होती.

“एका जागी पडून पाठ सडत हुती,” इरप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. “हवेवर ठिवल्यापास्नं जखमा भरल्या.”

काय झालं ते त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग बघत काय ऱ्हायलाव? काढा की.”

त्यांनी तिला उचलून चार गोधड्यांच्या घडीवर निजवलं. कन्नडात काहीतरी विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

गाडीपाशी परत येऊन ट्यूब चढवली, पंपानं आळीपाळीनं हवा भरली. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पाय वाचेल. तेवढं ऐकलं आणि इरप्पा गाडीकडं धावले.

परतीची माणसं थांबली होती. “बसा. पर बेंबळीपतूरच. फुडं गाडी न्हाय.”

“का हो?”

“ट्यूब घरी लागती.”

लोक हसले. मी घरी न जाता पुन्हा गाडीत बसलो.

बेंबळीत मी जॅक लावला, त्यांनी ट्यूब सोडवली, पुसली, बेतानं हवा भरून आत नेली. मी दारातच थांबलो.

“त्या माणसाचा पाय?” गौरव्वानं विचारलं.

“ऱ्हायला.”

ती हसली. तिनं दोन्ही हात वर करून त्यांच्या गळ्यात टाकले, आणि इरप्पांनी तिला अलगद उचललं.