वैद्य, वैती आणि कर्णिक

कर्णिकांना कुणी नाव सांगितलं, की ते आधी त्यातले स्वर काढून टाकत. पहिल्या दिवशी मी "सामंत" म्हटलं, तेव्हा डोळे मिटून "स, म, न, त" असं पुटपुटले आणि म्हणाले, "स आणि श सख्खे भाऊ. तुमच्यात आणि श्रीमंतात फक्त एका 'र'चं अंतर आहे, सामंत. खचू नका."

बोईसरच्या आमच्या कारखान्यात तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला थंडगार खोली दिली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्या देवळाचे पुजारी कर्णिक. अंगठा बाहेर आलेले मोजे घालून दिवसभर आत बसलेले.

"व्यंजनं म्हणजे हाडं, स्वर म्हणजे चरबी. माणूस हाडांवरून ओळखावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कँटीनमध्ये भाजी संपली असं कळलं, तर म्हणत, "मग भजी द्या. घराणं एकच."

पण हे खूळ उपयोगाचं होतं. कामगारांची नावं कॉम्प्युटरमध्ये इंग्रजीत भरलेली आणि प्रत्येक खात्याचं स्पेलिंग निराळं. डोंगराकडून येणाऱ्या धोडी आडनावाच्या एकाच कामगाराचे स्टोअरमध्ये, टाइम ऑफिसात आणि दवाखान्यात तीन धोडी झाले होते. कर्णिकांनी प्रोग्रॅम लिहिला. स्पेलिंग कसंही असो, उच्चार जवळचा असला की तो एकच माणूस धरायचा. त, थ, द, ध एका गटात. ब, भ, व दुसऱ्या गटात. य तर स्वरांबरोबरच गाळलेला. धोडी पुन्हा एक झाला. कर्णिकांनी पेढे वाटले.

मग रमेश वैद्य आणि रमेश वैती एक झाले.

वैद्य आमचे मॅनेजर. वैती शिरगावचा कोळी, बॉयलरवर हेल्पर. एके सकाळी वैद्यसाहेबांच्या केबिनमध्ये बॉयलरवरच्या कामगारांना मिळणारे गमबूट आणि गुळाची ढेप पोचली. त्याच आठवड्यात हेड ऑफिसचे पाहुणे येणार होते. त्यांच्याबरोबर जेवायचं सपत्नीक निमंत्रण गेलं वैतीला.

वैती सपत्नीक आला. वैद्यसाहेब आले, तर त्यांच्या खुर्चीवर वैतीची बायको बसलेली, आणि पाहुण्यांच्या मिसेसना सुके बोंबील कसे भाजायचे ते समजावून सांगत होती. त्या ऐकण्यात इतक्या रंगल्या होत्या, की तिला उठवायची कुणाची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी वैतीला विचारलं, तर तो म्हणाला, "आमी काय मागून गेलो नाय. बोलावल्यावर जायाला नको? बरा दिसत नाय."

साहेबांनी कर्णिकांना बोलावलं. कर्णिक शांतपणे म्हणाले, "प्रोग्रॅम चुकला नाही, साहेब. जरा जास्त आपलेपणानं वागला."

प्रोग्रॅम सोमवारपासून बंद, असं ठरलं. निरोप द्यायला साहेबांनी रविवारी मलाच पाठवलं.

कर्णिक सरावलीत राहत. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला घरी बोलावलं नव्हतं. दार त्यांनीच उघडलं, फाटक्या बनियनमध्ये. आत खाटेवर उशांना टेकून त्यांची बायको बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, त्यात बोलणंही गेलं. आता शब्द येतात, पण दुसरेच येतात, असं कर्णिकांनी अगदी सहज सांगितलं. ऑफिसात कुणालाच हे ठाऊक नव्हतं.

मी निरोप सांगितला.

"बंद करू," ते म्हणाले. "ऑफिसात चुकलेलं कसं चालेल?"

इतक्यात वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कपाळ."

मला वाटलं, नशिबाला बोल लावताहेत. कर्णिक मात्र खाटेशी जाऊन बसले. "कपाट?" त्यांनी विचारलं. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. "कापूस?" नाही. "कपबशी?" इथे मला जरा आशा वाटली, पण तेही नाही. वहिनी चिडल्या नाहीत आणि कर्णिकांनाही घाई नव्हती. त्यांनी बायकोची नजर कुठे आहे ते पाहिलं, मग स्वतःच्या बनियनकडे पाहिलं.

"कपडे," ते म्हणाले.

वहिनींनी हसून डोळे मिटले. परक्या माणसासमोर नवरा असा बसलाय, याची त्यांना केव्हाची लाज वाटत होती.

कर्णिक आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉलर एका बाजूला दुमडली होती. वहिनींनी डावा हात उचलला. एकाच हातातून कॉलर पुन्हा पुन्हा सुटत होती. कर्णिक खाटेपुढे वाकून उभे राहिले, ती सरळ होईपर्यंत.