कोनं पाठवलं तुले?

लाखनीत गजभियेभाऊंच्या फाटकाशी कोणीही उभं राहिलं की आतून एकच प्रश्न येतो, "कोनं पाठवलं तुले?" उत्तर दिलं तरी फाटक उघडत नाही. ज्याचं नाव सांगाल त्याला भाऊ फोन करतात, खात्री करून घेतात, मगच कडी निघते. एकदा बायकोनं दिलेले अनारसे घेऊन मी गेलो. भाऊंनी तिला फोन लावला. ती म्हणाली, या माणसाला मी ओळखत नाही. डबा धरून मी बराच वेळ उन्हात उभा होतो.

भाऊ आमच्या कॉलेजात हेडक्लार्क आणि मी कॉम्प्युटरवाला. मेलचा सर्व्हर माझ्या ताब्यात, म्हणून मी स्वतःला फार शहाणा समजायचो.

एकदा कोण्या भामट्यानं कॉलेजच्या पत्त्यावरून आल्यासारख्या फालतू मेल जगभर सोडल्या. न पोचलेल्या सगळ्या 'असा पत्ता नाही' म्हणत आमच्याकडे परत येऊ लागल्या. मी परतीची प्रत्येक मेल परस्पर कचऱ्यात जाईल अशी सोय केली आणि कॉलर ताठ करून फिरलो.

भाऊंना ते पटलं नाही. "गिरणीत धान नेतो तं पोत्यावर आपली खूण करतो ना? तशी आपल्या मेलवर कर. खूण असन ते परत घे, नसन ते फेक. सारंच काहून फेकून राहिला?"

हेडक्लार्कनं मला सर्व्हर शिकवावा! मी हसण्यावारी नेलं.

सहा महिन्यांनी सर्व्हरच्या जुन्या नोंदी चाळत होतो. भाऊंची दर रविवारी एक मेल, पुण्यातल्या धाकट्या भावाला. त्याला भाऊंनीच लहानाचं मोठं केलेलं. त्यानं स्वतः मुलगी पसंत केली, तेव्हा भाऊ सवयीप्रमाणे तिच्या गावी जाऊन घरोघरी चौकशी करून आले. तो रुसून गेला, तो गेलाच. मी ती सोय केली त्याच सुमारास त्याचा तो पत्ता बंद पडला होता. भाऊंची प्रत्येक मेल परत येत होती आणि माझ्या हुशारीनं कचऱ्यात पडत होती.

संध्याकाळी त्यांच्या फाटकाशी गेलो आणि त्यांनी काही विचारायच्या आत सगळं सांगून टाकलं. लाज वाटत होती. भाऊ कडीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"उत्तर नव्हतं येत," ते म्हणाले, "पन परतही नव्हतं येत. मले वाटे, वाचून राहिला."

खूण उद्याच लावतो, मी म्हणालो.

"लाव. पन सहा महिने बरे गेले बापा."

मग त्यांनी कडी काढली. मला कोणी पाठवलं, ते विचारलंच नाही.