कुलूपरावांनी खातं उघडलं

माझ्या तोंडात अकरा दात उरलेत. त्या अकराच्या अकरा दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर उद्यापासून नुसत्या पाण्यावर राहीन.

तर एक होते कुलूपराव. आईबापांनी नाव चांगलंच ठेवलं होतं, पण सत्तावीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळलं आणि ते नाव गळून पडलं. चिठ्ठी, चिठ्ठीवर सही आणि सहीखाली तारीख, याशिवाय त्यांनी कुणाला एक स्क्रू दिला नाही. एकदा खुद्द मालक बल्ब मागायला आले. "चिठ्ठी?" कुलूपराव म्हणाले. मालकांनी अंधारात चाचपडत चिठ्ठी लिहिली, तेव्हा उजेड पडला.

आता तो कारखाना महिनाअखेर बंद होणार होता. वय त्रेपन्न, मुलीच्या शिक्षणाचं एक वर्ष बाकी, आणि दुसरी नोकरी कुठे दिसेना.

मुलगी म्हणाली, "बाबा, नोकऱ्या आता पेपरात नसतात. कामधंद्याच्या ओळखींची एक साईट आहे. तुमचं खातं उघडते."

"कोण चालवतं?"

"एक कंपनी आहे."

"फुकट का देते?"

मुलीने कपाळाला हात लावला. चेहऱ्याचा फोटो द्यायला कुलूपराव तयारच होईनात, तेव्हा त्यांच्या जागी गोदामाच्या कुलपाचा फोटो लागला. 'तुमच्याविषयी' असं लिहिलेल्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या बोटाने टाईप केलं, 'विचारणाऱ्याने आधी स्वतःविषयी सांगावे.'

तिसऱ्या दिवशी फोन म्हणाला, एका अनोळखी व्यक्तीने तुमचं पान पाच वेळा पाहिलं.

"आत येऊन गेला? न विचारता?" कुलूपराव ताटावरून उठले. लगेच शंभर पानी वही आली. तारीख, वेळ, नाव, येण्याचं कारण, सही. नावाचा रकाना कोराच राहिला. पाचाचे अठरा झाले. कुलूपराव फोन घेऊन अंघोळीला जाऊ लागले, तसे अठराचे बेचाळीस झाले.

"कोण असेल गं? शेजारचा शिंपी? हल्ली फार गोड बोलतो."

"मला काय ठाऊक!" असं म्हणत बायकोने भाजी एवढी ढवळली, की तिचा लगदा झाला.

"तुझा भाऊ?"

"त्याला आरशात बघायला वेळ नाही, तुम्हाला काय बघतोय!"

"तुझी आई तर नक्कीच नाही. तिला फोन सुलटा कुठला न् उलटा कुठला, हेच कळत नाही."

मग ओळखीसाठी विनंत्या येऊ लागल्या. कुलूपरावांना त्या मागणीच्या चिठ्ठ्याच वाटल्या. त्यांनी प्रत्येकाला उलट चार प्रश्न धाडले. आपण कोण? कुणी पाठवलं? ओळख कशासाठी हवी? आणि परत कधी करणार? वीसपैकी एकोणीस जण पळाले. उरली एक चष्मेवाली बाई. औषधांच्या कंपनीत माणसं नेमायचं काम तिच्याकडे होतं. तिने चारही उत्तरं दिली. शेवटचं होतं, 'परत करणार नाही. ओळख कायमची हवी आहे.'

'ओळखपत्र हातात धरून फोटो पाठवा,' कुलूपरावांनी कळवलं. तिने पाठवला.

'आता बाजूने.' तिने तोही पाठवला.

आणि नेमकं तेव्हा मागून बायकोने डोकावलं. जो नवरा लग्नाच्या फोटोतही दुसरीकडेच बघत होता, तो एका परक्या बाईचा फोटो बोटांनी मोठा करून पाहत होता. त्याच्या वर लिहिलेलं, 'कायमची हवी आहे'. बायको तशीच मागे फिरली आणि भांडी आपटू लागली. भांडी आपटली म्हणजे काय, ते ज्यांची लग्नं झालीत त्यांना सांगायला नको.

चष्मेवालीने गुरुवारी मुलाखतीला बोलावलं. "पाहिलं नाही, सवरलं नाही, आणि बोलावते कशी?" कुलूपराव पुटपुटले. कंपनी खरी आहे की नुसती पाटी आहे, ते बघायला ते मंगळवारीच निघाले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट.

"कुठे?" बायको म्हणाली.

"काम आहे."

बायकोने चपला पायात सरकवल्या.

कंपनीसमोर कोपऱ्यावर एक बाकडं होतं. तिथून पुढचं दार दिसायचं, मागचंही. कुलूपराव वही उघडून बसले. विजेच्या खांबाआड बायको उभी राहिली. खांब बारीक, बायको तशी नाही. तीन तासांनी पहारेकरी आला.

"ओ काका, सकाळपासून काय लिहिताय?"

"आधी तुझं नाव सांग."

"माझं?"

"छातीवर नावाची पट्टी नाही तुझ्या. तू पहारेकरी आहेस हे मी कशावरून मानू?"

पहारेकऱ्याने त्यांचा दंड धरला. तेवढ्यात खांबामागून आवाज आला, "सोडा त्यांना! काय विचारायचं ते मी विचारणार आहे!"

दोघांची वरात थेट चष्मेवालीच्या टेबलापुढे.

"कोण आपण?" तिने विचारलं.

"आधी तुम्ही सांगा!" नवराबायको एका सुरात म्हणाले.

चष्मेवालीच्या ओठांवर हसू आलं. हा सूर तिच्या ओळखीचा होता. पहारेकऱ्याने पुरावा म्हणून वही पुढे केली, आणि ती वाचू लागली. 'नऊ चाळीस. टेम्पो बाहेर. खोकी एकोणतीस, पहारेकऱ्याने मोजली नाहीत. दहा पाच. मागचं दार, पांढऱ्या गाडीत दोन खोकी. चिठ्ठी नाही. अकरा वीस. तीच गाडी, आणखी दोन. पहारेकऱ्याने हात हलवला.'

तिचं हसू मावळलं. सहा महिने गोदामातून औषधं गायब होत होती. कॅमेरे लावले, माणसं बदलली, चोर सापडत नव्हता.

"मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?" तिने विचारलं. पहारेकरी छताकडे बघू लागला.

"काका, तुम्ही कामावर कधीपासून येता?"

"आधी पत्र द्या. सहीचं."

"देते."

"आणि सहीखाली तारीख."

पत्र शर्टाच्या खिशात ठेवून दोघं घराकडे निघाले. अर्ध्या वाटेत बायको हळूच म्हणाली, "अहो, ते बेचाळीस वेळा बघणारं माणूस... मीच हो. फोन घेऊन अंघोळीला जायचात, मग मीही गुपचूप खातं उघडलं."

कुलूपराव भर रस्त्यात थांबले. बायकोने डोळे मिटून घेतले. त्यांनी पेन काढलं, वही तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "सही कर. बेचाळीस वेळा."

तिने केल्या.

आता अकरा दात जपायचे म्हणून सांगून टाकते. एवढंच एक मी पदरचं घातलं. बायकोने सह्या केल्या त्या बावीसच. वहीतले वीस रकाने अजून कोरे आहेत, आणि जावईबापू अजून त्या बिचाऱ्या शिंप्याकडे डोळे बारीक करून बघतात.

ते वीस वेळा मी पाहिलं होतं. लेक दिलीय त्या घरात, लक्ष नको ठेवायला? आणि फोन मी सुलटाच धरते.